चौथी पायरी

"हे तुम्हीच लिहिलंय?" खडतरे साहेबांनी विचारलं.

"हो, साहेब."

"कुठून उतरवून काढलेलं नाही ना?"

मला राग आला, पण तो सुखाचा राग होता. आपलं लिहिणं दुसऱ्या कुणाचं वाटावं इतकं चांगलं आहे, हे ऐकून कुणाला वाईट वाटेल? साहेबांच्या हातात माझी निळ्या पुठ्ठ्याची वही होती. वर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'पटवून कसे द्यावे : इयत्ता सातवीसाठी'.

खडतरे साहेब आमच्या तालुक्याचे शिक्षण विस्तार अधिकारी. शिंगणगावच्या चार खोल्यांच्या शाळेत ते वर्षातून दोनदा जीपमधून यायचे, हजेरीपट उलटेपालटे करायचे, चहा प्यायचे आणि जायचे. त्या दिवशी, म्हणजे आणीबाणीतल्या भाद्रपदात, त्यांनी हजेरीपटाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या टेबलावरची ती वही उचलली आणि खिडकीपाशी उभं राहून पहिल्यापासून वाचायला लागले. मी सव्वीस वर्षांचा होतो. मराठी शिकवत होतो. वक्तृत्व स्पर्धेची तालुक्याची ढाल सलग तीन वर्षं माझ्याच मुलांनी आणली होती. 'उपळेकर बोलायला लागला तर दगडालाही पाझर फुटेल,' असं इतर शिक्षक म्हणायचे. ते थट्टेनं म्हणायचे, आणि मी ते खरं मानायचो.

वहीत चार पायऱ्या होत्या. ऐकणाऱ्याला आपण त्याच्यातलेच वाटलो पाहिजे, ही पहिली. मग त्याला सगळ्यात प्रिय काय आहे ते हेरून तिथं हात घालायचा. मन हललं की मग कारणं द्यायची, आधी नाही. आधी दिलेलं कारण माणूस तपासून बघतो, मन हलल्यावर दिलेलं कारण तो पदरात बांधून घेतो. आणि चौथी पायरी माझी स्वतःची होती. ती मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

"ही चौथी जरा समजावून सांगा," साहेब म्हणाले.

"साहेब, समोरच्याच्या मनात आक्षेप असतोच. तो त्याच्या तोंडून यायच्या आत आपणच घ्यायचा. आणि असा घ्यायचा, की पुन्हा तो बोलायची त्याला लाज वाटली पाहिजे. मुलांना मी आजोबांचं उदाहरण देतो. आजोबांना तंबाखू सोडायला सांगायचंय. आजोबा म्हणणार, तंबाखूवाचून मला झोप लागत नाही. तर आपणच आधी म्हणायचं, 'तंबाखूवाचून झोप लागत नाही असं रडगाणं गायला माझे आजोबा काही लेचेपेचे नाहीत.' झालं. आजोबा तोंड कशाला उघडतील?"

साहेब पोटभर हसले. मग वही मिटून त्यांनी दार लोटून घेतलं.

"मला असं एक भाषण लिहून द्या. आमचे मास्तर लोकांच्या दारात जातात आणि ततपप करतात. लोक दार लावून घेतात. साधं, सरळ, दोन पानांचं. सगळ्या तालुक्यात वाटू."

"कशावर, साहेब?"

"कशावर म्हणजे? केसेसवर."

त्या वर्षी 'केस' म्हटलं की दुसरा अर्थ विचारावा लागत नसे. नसबंदीच्या शस्त्रक्रियेला तयार झालेला पुरुष म्हणजे केस. प्रत्येक शिक्षकानं दसऱ्याच्या आत तीन केसेस आणायच्या, असा हुकूम होता. ज्याच्या होणार नाहीत त्याची बदली, बढती, कायम होणं, जे काही अडवता येईल ते अडवलं जायचं. माझ्या दोन झाल्या होत्या. एक आमचा पोस्टमन, त्याला सहा मुलं होती आणि तो स्वतःच चालत आला. दुसरा शेजारच्या वस्तीवरचा. तिसरी काही केल्या मिळत नव्हती.

"तुमची एक राहिलीय ना?" साहेब जाता जाता म्हणाले. "तुमची कायम होण्याची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, उपळेकर. ती तिथं पडून राहावी अशी माझी काही इच्छा नाही."

भाषण लिहायला मला दोन रविवार लागले. ते मी नाइलाजानं लिहिलं असं आजवर अनेकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. मी ते मन लावून लिहिलं. एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं, जड शब्द काढले, हलके घातले. चौथ्या पायरीचा परिच्छेद तर पाच वेळा खोडला. लोकांचा आक्षेप एकच होता आणि तो मला पाठ होता. दोनच मुलं असली आणि त्यातलं एखादं गेलं तर? आमच्या भागात हा प्रश्न घरटी विचारला जायचा, कारण घरटी एखादं मूल गेलेलंच असायचं. त्यावर कारण देऊन काही उपयोग नव्हता. शेवटी मी असं लिहिलं :

'कुणी म्हणेल, यातलं एखादं गेलं तर? मी त्यांना विचारतो, तुमचं लेकरू अंगणात खेळतं आहे आणि तुम्ही त्याच्या जाण्याची भाषा करता? आज दवाखाने आहेत, लशी आहेत, डॉक्टर आहेत. ज्या आईच्या ओठांवर आपल्या लेकराचं मरण येतं, ती आई कसली? खरी आई हा प्रश्न विचारणारच नाही.'

खडतरे साहेबांनी ते वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "झकास! इथं बाई गप्पच बसणार. आणि बाई गप्प बसली की पुरुष येतो."

तालुक्याच्या कचेरीत त्याच्या तीनशे प्रती सायक्लोस्टाईलवर निघाल्या. वर 'माहितीपत्रक' असं छापलं होतं. माझं नाव कुठंच नव्हतं, आणि त्याचं मला तेव्हा जरा वाईटच वाटलं.

तिसऱ्या केससाठी मी नारू कुंभाराच्या घरी गेलो.

नारू बत्तीस-तेहतीस वर्षांचा, अंगानं काटक, स्वभावानं गरीब. गाव त्याला नाऱ्या म्हणायचं. मी त्याला 'नारबा' म्हटलं आणि अहोजाहो केलं. त्यानं माझ्यासाठी पोतं अंथरलं, ते बाजूला सारून मी मातीतच मांडी घातली. बिनदुधाचा चहा दिला, तो त्यांच्याच कानतुटक्या कपातून प्यायलो. हे सगळं पहिल्या पायरीत येतं. त्याची बायको साळू दारापाशी बसून लाकडी फळीनं ओलं मडकं थोपटत होती. दीड वर्षाची गोदी तिच्या पाठीला चिकटून उभी होती. आणि भिंतीला टेकून त्यांचा मुलगा भिका माझ्याकडे टकमक बघत होता. तो पहिलीत होता. माझ्या वर्गात नव्हता, पण रोज सकाळी शाळेच्या भिंतीवरचा सुविचार तो मला वाचून दाखवायचा, मग आपल्या वर्गात जायचा.

आता भिका हे नाव का ठेवतात, हे मराठी शिकवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको. आधीची मुलं जगत नाहीत, तेव्हा पुढच्याला भिका, धोंडू, केरू असं काहीतरी नाव देतात. हे आमचं नाही, भीक मागून आणलेलं आहे, म्हणून मरणाची नजर त्याच्यावरून घसरून जावी. भिकाचं नाकही टोचलेलं होतं, त्यात तांब्याची बारीक तार होती. पाच घरून चिंध्या मागून आणून साळूनं त्याचं पहिलं अंगडं शिवलं होतं. त्याच्या आधी तिची तीन मुलं गेली होती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी त्या दारात बसलो होतो, कारण दसऱ्याला नऊ दिवस उरले होते.

"भिका," मी म्हणालो, "त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय लिहिलंय रे?"

भिकानं बोट फिरवत, अडखळत सगळं वाचलं. खालच्या छापखान्याच्या नावासकट. नारूचं तोंड उजळलं.

"नारबा, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई जी. आमच्यात कुणालाच न्हाई."

"मग हे पोरगं तुमच्या घराण्यातलं पहिलं. याला मी मॅट्रिक करीन. माझा शब्द आहे. पण एका ताटात चार पोरं बसली, तर ह्याची वही कुठून यायची? पुस्तक कुठून यायचं? आता बाजारात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, घागरी आल्यात. मडकी किती दिवस चालणार? दोघांना नीट वाढवायचं, की सहांना अर्धपोटी ठेवायचं?"

नारू मान हलवत होता. मी शस्त्रक्रियेचं सांगितलं. दहा मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी चाक फिरवता येतं, जीप दारात येते, दारात सोडते. तो ऐकत होता आणि मधूनमधून साळूकडे बघत होता. तेवढ्यात मडक्यावरची फळी थांबली. साळूनं पदर सारखा केला.

"पन गुर्जी…" ती म्हणाली.

तिच्या तोंडात पुढचा शब्द काय आहे ते मला दिसत होतं. मी तो बाहेर येऊ दिला नाही. मी हात वर केला, आवाज खाली घेतला, आणि पाठ केलेला परिच्छेद जसाच्या तसा म्हटला. तुमचं लेकरू अंगणात खेळतं आहे आणि तुम्ही त्याच्या जाण्याची भाषा करता? शेवटचं वाक्य म्हणताना मी तिच्याकडे नाही, भिकाकडे पाहिलं. हेही मी मुलांना शिकवायचो.

साळूनं तोंड मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिकाकडे, आणि पुन्हा फळी उचलली. मडकं थोपटल्याचा आवाज सुरू झाला.

"पटलं का, नारबा?"

"तुमी सांगताय म्हंजी…" नारू म्हणाला. "पटलं, गुर्जी."

तिसऱ्या दिवशी जीप आली आणि नारू तीत बसून गेला. संध्याकाळच्या आत घरी परत आला. त्याला एक घोंगडी आणि एक स्टीलचा डबा मिळाला होता. पुढच्या आठवड्यात तो माझ्या खोलीवर एक नवा माठ घेऊन आला. "साळूनं सोता घडवलाय, तुमच्यापायी," म्हणाला. मी तो माठ खिडकीत ठेवला. दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी माझी कायम होण्याची ऑर्डर आली.

पौषात एका सोमवारी भिका सुविचार वाचायला आला नाही. मंगळवारी मी त्यांच्या घरी गेलो. तो गोधडीत पडला होता, मान सुजलेली, श्वास घेताना घशातून खरखर येत होती. तोंड उघडून पाहिलं तर आत पांढरा पापुद्रा धरला होता. घटसर्प. डॉक्टर नसलो तरी मला कळलं, माझा धाकटा भाऊ त्यानंच गेला होता.

मी सायकलवर आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या माणसानं सांगितलं, औषध संपलंय, तालुक्याला न्या. मी पोस्टात जाऊन तालुक्याला फोन लावला, जीप मागितली. बऱ्याच वेळानं कुणीतरी फोन घेतला आणि म्हणालं, जीप शिबिराला गेली आहे. नारूनं बैलगाडी जुंपली. साळू भिकाला मांडीवर घेऊन बसली. मी गाडीमागं ओढ्यापर्यंत चालत गेलो, मग शाळेची वेळ झाली म्हणून मागे फिरलो. शाळेची वेळ झाली होती हे खरं आहे. त्याहून खरं हे, की ती खरखर मला ऐकवत नव्हती.

दुपारी पाचवीचा तास चालू असताना गाडी परत आली. बैल इतक्या लवकर परत यायला नको होते. फळ्यावर लिहिता लिहिता मी हात खाली घेतला.

त्या घरी मी गेलो. साळू रडत नव्हती. भिकाच्या नाकातली तार काढून तिनं पदराच्या टोकाला बांधली होती आणि त्या गाठीवरून बोट फिरवत होती.

दहावं झालं आणि नारू शाळेत आला. व्हरांड्याच्या कडेला उभा राहिला. मी आत बोलावलं तरी आला नाही.

"गुर्जी, एक अर्ज लिवायचा व्हता."

"कसला?"

"मोठ्या दवाखान्यात नस पुन्यांदा जोडत्यात म्हनं. पलीकडच्या गावात एक जन सांगत व्हता. सरकारनं तोडली. तर सरकारनंच जोडावी. साळू आजून तीस बी न्हाई, गुर्जी. येकादं पोरगं हुईल. तुमचं बोलनं लोकान्ला पटतं. तवा सरकारला पटवून द्या."

मी काय सांगणार होतो? सांगायला हवं होतं की नारबा, हे होण्यातलं नाही. पण दहा दिवसांपूर्वी मुलगा गेलेल्या माणसाला हे सांगायला जी छाती लागते, ती माझ्याजवळ नव्हती. मी कागद घेतला.

भाषण लिहायला दोन रविवार लागले होते. हा अर्ज मी एका बैठकीत लिहिला. आधी पायऱ्या चढायला गेलो. सरकारला आपण त्याच्यातलेच वाटू कसे? सरकारला सगळ्यात प्रिय काय? कारणं कसली द्यायची? आणि चौथी पायरी तर तिथं कामाचीच नव्हती, सरकारला लाज वाटत नाही. शेवटी सगळ्या पायऱ्या सोडून दिल्या आणि घडलं तेवढं लिहिलं. अर्जदाराची तीन मुलं लहानपणी गेली. चौथा मुलगा जगला, म्हणून त्याचं नाव भिका ठेवलं. तो पहिलीत होता आणि त्याला वाचता येत होतं. अर्जदारानं सांगण्यावर विश्वास ठेवून शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर तीन महिन्यांनी भिका वारला. अर्जदाराची नस पुन्हा जोडून द्यावी. अकरा ओळी झाल्या. माझ्या आयुष्यात मी इतकं नेमकं दुसरं काही लिहिलेलं नाही. वाचून दाखवलं तर नारू म्हणाला, "येवढंच?"

"एवढंच पुरे," मी म्हणालो.

त्यानं अंगठा उमटवला. मी अर्ज रजिस्टर टपालानं पाठवला. त्यानंतर नारू रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत शाळेसमोरच्या पिंपरणीच्या झाडाखाली बसायला लागला. चाक बंदच होतं.

तिसऱ्या आठवड्यात जाड लिफाफा आला. तो शाळेच्या पत्त्यावर होता. पोस्टमन सायकलवरून उतरला तसा नारू उठला, आणि माझ्याकडे न येता घराकडे पळाला. मी लिफाफा फोडला. आत दोन कागद होते. पहिल्यावर चार ओळी टाईप केलेल्या होत्या. 'अर्जात नमूद केलेल्या शस्त्रक्रियेची तरतूद या कार्यालयाकडे नाही. अर्जदाराचे गैरसमज दूर करण्याच्या दृष्टीने सोबतचे माहितीपत्रक त्यास मुख्याध्यापक अथवा शिक्षकाने वाचून दाखवावे, आणि ते समजले व पटले असल्याबद्दल खालील चौकटीत त्याचा अंगठा घेऊन हा कागद परत पाठवावा.'

दुसरा कागद सायक्लोस्टाईल केलेला होता. पहिलं वाक्य वाचायची गरज पडली नाही. दोन रविवार मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलेलं होतं.

चुलीत टाकावा असं वाटलं. टाकलाही असता. पण तेवढ्यात नारू परत आला आणि त्याच्यामागून साळू आली, गोदीला कडेवर घेऊन. साळू कधी शाळेत आलेली नव्हती. व्हरांड्याच्या पायरीवर ती बसली, नारू उभाच राहिला. मुलांना मी मधली सुट्टी दिली.

मी पहिला कागद वाचला. मग सोप्या शब्दांत सांगितलं, "होत नाही म्हणतात, नारबा."

नारूनं माझ्या हाताकडे बोट केलं. "आन् त्यो दुसरा कागद?"

"तो काही नाही. उगाच माहिती आहे."

"वाचा की. सरकारनं धाडलाय न्हवं? त्यात कायतरी आसंल."

त्याला वाटलं होतं, त्यात काहीतरी वाट असेल. मी वाचायला लागलो. भराभर वाचलं, सूर न लावता, हजेरी घ्यावी तसं. दोन लेकरं, नीट वाढवलेली. वही, पुस्तक, पोटभर भाकरी. नारू मान हलवत होता, आत्ताही. माझं वाक्य आलं की ती मान आपोआप हलत होती. चौथा परिच्छेद आला. मी तो टाकला, डोळे खाली नेले आणि शेवटच्या ओळी वाचून कागद मिटला.

"इथं अंगठा पायजे म्हनं," मी म्हणालो. का कुणास ठाऊक, मी त्याच्यासारखंच बोललो. शाईचा पॅड टेबलावर होता. नारूनं पुढं होऊन त्यात अंगठा दाबला.

"येक ऱ्हायलं, गुर्जी," साळू म्हणाली.

"काय राहिलं?"

"मधलं येक. तुमी वाचलं न्हाई."

साळूनं गोदीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खाली जमिनीकडे बघत म्हणायला सुरुवात केली. "कुणी म्हनंल, यातलं येकादं गेलं तर? मी त्यास्नी इचारतो, तुमचं लेकरू अंगनात खेळतं हाय आनि तुमी त्याच्या जान्याची भाषा करता?" ती अडखळली नाही. दवाखाने, लशी, डॉक्टर, सगळं तिनं म्हटलं. "ज्या आईच्या ओटावर आपल्या लेकराचं मरान येतं, ती आई कसली? खरी आई हा प्रश्न इचारनारच न्हाई." मग वर बघून म्हणाली, "ह्येच न्हवं?"

नारू अंगठा हवेत धरून तिच्याकडे बघत होता. "तुला गं कसं ठावं?"

"त्या दिशी गुर्जी आपल्या घरात बोलले. असंच. अक्षर अन् अक्षर." मग मला म्हणाली, "सरकारचा कागद आनि तुमचं बोलनं येकच कसं, गुर्जी? ह्ये लिवलंय कुनी?"

बाहेर मुलं आट्यापाट्या खेळत होती. मी खोटं बोलू शकलो असतो. बोलायला मी हुशार होतोच.

"मी लिहिलंय," मी म्हणालो.

नारूनं मान खाली घातली. मला वाटलं होतं साळू ओरडेल, शिव्या देईल, कागद फाडेल. तिनं तसं काही केलं नाही. पदराच्या गाठीवरून तिचं बोट फिरत होतं.

"त्या दिशी मला येक इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "माजी तीन गेली व्हती, गुर्जी. मला म्हाईत व्हतं पोरं कशी जात्यात. पन तुमी म्हनला, खरी आई इचारनार न्हाई. म्हून म्या गप बसले. मला वाटलं, माज्याच तोंडानं त्याचं मरान यायला नगं." तिनं गाठ मुठीत धरली. "पन ते आलंच. आता इचारू का?"

मी मान हलवली असेन. तिनं गोदीच्या डोक्यावर हात ठेवला. गोदी माझ्याकडे बघत होती, तिचं नाकही टोचलेलं होतं, आणि त्यात नवी तार होती.

"ही बी गेली तर, गुर्जी?"

तिनं वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, मी काहीतरी सांगेन म्हणून. चारही पायऱ्या माझ्या डोक्यातून गेल्या आणि एकीवरही पाय ठरेना. शेवटी ती उठली. तिनं नारूचा हात धरला, आपल्या पदरानं त्याच्या अंगठ्यावरची शाई पुसली, नीट, नखाच्या कडेपर्यंत, आणि ते दोघं पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतर मी एकतीस वर्षं शिकवलं. माझ्या मुलांनी ढालीही आणल्या. वहीत चौथ्या पायरीचं पान मात्र राहिलेलं नाही, ते मी त्याच दुपारी फाडलं. कुणा मुलानं विचारलं, की गुरुजी, समोरच्यानं आक्षेप घेतला तर काय करायचं, की मी सांगायचो, त्याला पुरतं बोलू द्यायचं. एवढंच. मुलांना ते फारच साधं वाटायचं.

कागद परत पाठवायची मुदत सहा दिवसांची होती. पाच दिवस तो माझ्या टेबलावर पडून होता. सहाव्या दिवशी मी पेन उघडलं. खाली अंगठ्यासाठी चौकट होती, ती रिकामी होती. तिच्यात मी लिहिलं, 'वाचून दाखवले. पटले नाही.' आणि खाली माझी सही केली.